श्वास न घेणारी बाई

राणोजीराव इंगवले अंगठा उठवीत. त्यांचे चिरंजीव सुभानराव सही करीत. सुभानरावांचे चिरंजीव आबासाहेब वाचीत, आणि नुसते वाचीत एवढेच नव्हे, तर कराडात सार्वजनिक वाचनालय काढून इतरांनाही वाचायला लावीत. तीन पिढ्यांनी एवढी चढण चढल्यावर चौथ्या पिढीची थोरली सून, म्हणजे मी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी डोक्यावर पदर आणि पदरावर हेडफोन अशा थाटात पहाटे साडेपाचला संगणकापुढे बसले होते आणि एक बाई मला अग्रलेख वाचून दाखवीत होती.

ती बाई कोण, कुठली, कुणाची सून, काही ठाऊक नव्हते. आमच्या घरात इतक्या कमी चौकशीवर आजवर कुणाला प्रवेश मिळालेला नव्हता. पण ती संगणकातून बोलत होती, आणि संगणक माझ्या सुनेच्या माहेरून आलेला होता, म्हणून मी गप्प होते.

"आईसाहेब, आवाज नीट येतोय ना?" मृणालिनीने विचारले. ही माझी सून. महाविद्यालयात संगणक शिकवते आणि घरी माणसांशीही त्याच संयमाने बोलते.

"आवाज येतो. माणूस येत नाही."

"वेग कमी करू का?"

"वेग राहू दे. तिला मधूनमधून श्वास घ्यायला सांग. ऐकताना माझाच जीव कोंडतो."

"तिला श्वास नसतो, आईसाहेब. ती अक्षरं ओळखते आणि बोलते."

"म्हणजे वक्तृत्वस्पर्धेतल्या मुलांसारखी."

मृणालिनी हसली नाही. माझ्या विनोदांना न हसण्याचा अधिकार मी तिला दिलेला नव्हता. तो तिने आपण होऊन घेतला होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे पडदे झिजू लागले होते. चष्म्याने सुधारण्यातले हे नव्हते. कुठेही पाहिले तरी मधोमध काळा डाग आणि भोवती उजेड. कागदाच्या कडा दिसत, मजकूर दिसत नसे. माणसांचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. काही नातेवाइकांच्या बाबतीत ती सोयच होती. हे मृणालिनी आणि डॉक्टर यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हते आणि ठाऊक होता कामा नये, असा माझा हुकूम होता. त्याला कारण होते.

आबासाहेबांनी वाचनालयाची घटना स्वतः लिहिली होती. तिचे सातवे कलम असे : 'जो स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकत नाही, त्याने अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नये.' माणूस इतका नेमाचा, की काचबिंदूने त्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी हे कलम स्वतःलाच लावले आणि खुर्ची सोडली. तीन वर्षे ती रिकामी राहिली, मग त्यांनी ती मला दिली. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. त्यानंतर चोपन्न वर्षे त्या खुर्चीत मी होते. बाईमाणूस एवढी वर्षे एका जागी बसली की लोक तिला संस्था म्हणू लागतात आणि तिच्या पुतण्याला ती खुर्ची जरा जास्तच आरामशीर दिसू लागते.

पुतण्याचे नाव धैर्यशील. तो आमचा कार्यवाह. वय पंचावन्न, डोक्यावर केस नाहीत, डोक्यात हिशेब पुष्कळ.

तर, वर्तमानपत्र दारात पडण्याआधी त्यातला मजकूर इंटरनेटवर येतो, हे मृणालिनीने मला सांगितले आणि माझा प्रश्न मिटला. पहाटे ती लेख उघडून देई, ती बाई तो वाची, मी तो पाठ करी. एकदा ऐकावे आणि दुपारपर्यंत शब्दन्‌शब्द म्हणून दाखवावे, ही विद्या मला लग्नानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत चिकटली होती. कशी, ते येईलच. मग कार्यकारिणीच्या बैठकीत छापील पेपर समोर धरून मी तो लेख 'वाचीत' असे. पान उलटायचे तिथे उलटीत असे. सभासद म्हणत, "आईसाहेबांची नजर काय तेज आहे या वयात!" मी मान लववून ते स्वीकारीत असे. खोट्या स्तुतीत एक बरे असते. ती खरी आहे की नाही याचा विचार करावा लागत नाही.

त्या बाईत मात्र एक खोट होती. तिला लेख कुठे संपतो ते कळत नसे. मंत्र्यांचे निधन, मुळ्याचे औषधी उपयोग, भूकंपातले बळी आणि सोफ्यावरची सवलत हे सारे ती एकाच सुरात, एकाच दमात सांगे. दम नव्हताच म्हणा.

जूनच्या बैठकीत मी खेड्यांतल्या वाचनालयांच्या दुर्दशेवरचा लेख घेतला. फार चांगला लेख होता. शेवट तर असा, की सभासदांनी माना डोलावल्या. आणि त्या भरात मी पुढे म्हणाले, "हेही वाचा. केस झपाट्याने गळत आहेत? आजच करून पाहा हे पाच घरगुती उपाय."

मग कुणीतरी खुदकन हसले, मग दुसरे, मग सगळेच. मी नेमकी धैर्यशीलच्या दिशेला तोंड करून बसले होते. आईसाहेबांनी कार्यवाहांच्या टकलाला टोमणा मारला, असे सर्वांनी धरले. माझ्या आयुष्यभराच्या फटकळपणाने मला त्या दिवशी वाचवले. हसला नाही तो एकटा धैर्यशील.

चार दिवसांनी तो घरी आला. वाकून नमस्कार केला. तो नेहमीपेक्षा जरा खोल होता, यावरूनच मी सावध झाले.

"काकीसाहेब, त्या दिवशीचा लेख फार छान वाचलात. मीही वाचला होता. मोबाईलवर."

"बरे झाले. कशावर का होईना, तू वाचतोस."

"पण छापील पेपरात ते केसांचं नव्हतं. मी घरी जाऊन दोनदा पाहिलं."

"केसांचे काही तू दोनदा पाहिलेस, याचे मला नवल वाटत नाही."

तो हसला. कार्यवाहाने अध्यक्षांच्या विनोदाला हसावे, एवढे नियम त्याला पाठ होते. "अमृतमहोत्सवाच्या पुस्तिकेत आबासाहेबांची घटना छापायची म्हणतोय. सगळी कलमं. सातवंसुद्धा."

"सातवे गाळून आठवे छापलेस तर लोकांना मोजता येते, धैर्यशील."

"आणि त्या दिवशी रिवाजाप्रमाणे अग्रलेखाचं वाचन आपणच करणार ना?"

हा रिवाज आबासाहेबांचा. वार्षिक सभा सुरू होते ती अध्यक्षांनी त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख उभ्याने, मोठ्याने वाचून. शिळा चालत नाही, दुसऱ्याने वाचलेला चालत नाही.

"मीच करणार," मी म्हणाले. "तू चहा घेऊन जा. साखर बेताची घाल, तुझ्या बायकोने सांगितले आहे मला तुझ्या रिपोर्टाचे."

तो गेला. लोकांनी मला काढावे याची मला भीती नव्हती. चोपन्न वर्षांनी माणूस जातोच. पण 'आईसाहेब खोटे वाचत होत्या' असे म्हणून काढावे, आणि मग कुणीतरी मागे जाऊन विचारावे की केव्हापासून, याची होती.

सभेच्या आदल्या दिवशी विट्याहून तारावन्सं आल्या. मी बोलावले नव्हते. मृणालिनीने परस्पर पत्रिका धाडली होती. "आबासाहेबांची एकुलती एक हयात मुलगी, आईसाहेब. त्यांना नको बोलवायला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही, देण्याजोगे नव्हते.

वन्सं माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा परकर-पोलक्यात होत्या, तरी नणंद म्हणून मी त्यांना वन्सं आणि अहोजाहोच करीत असे. रीत होती. लग्नानंतर त्या माहेरी सणावाराला येत, पण वाचनालयाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "आमच्या म्हशी वाट बघत्यात."

सभेच्या दिवशी पहाटे मी हेडफोन लावून अग्रलेख घेत होते, एवढ्यात खांद्यावर हात पडला. हेडफोन काढला तर ती बाई आता खोलीभर बोलू लागली. कुठलीतरी तार निसटली असावी. वन्संनी पुरते दोन परिच्छेद ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "वैनीसाहेब, मला काढून हिला ठिवली व्हय?"

मी निसटलेली तार चाचपू लागले.

"पगार किती हिला?"

"वीज," मी म्हणाले.

"मग चांगलीय नोकरी. मला रॉकेलची चिमणी हुती, अन्‌ धूर निघतो म्हणून आईच्या शिव्या." त्या माझ्यासमोर बसल्या. त्यांचे कान आणि डोईवरचा पदर तेवढा मला दिसत होता. "डोळे गेलं ना?"

"कुणी सांगितले?"

"काल जेवताना तुमी मिठाच्या वाटीत चमचा घालून साखर म्हणून दह्यात टाकली, अन्‌ खारट दही गपगुमान खाल्लंत. दुसरी बाई असती तर ओरडली असती. तुमी चूक कबूल करन्यापरीस गिळता. मला ठावं हाय की."

ठाऊक असणारच. आता सांगते.

माझे माहेर अथणीकडचे. घरात मराठी, शाळा कानडी. 'मुलगी सातवी पास' असे माझ्या वडिलांनी इकडे कळवले, ते खरेच होते. कोणत्या लिपीत, ते इकडून कुणी विचारले नाही आणि तिकडून कुणी सांगितले नाही. मी मापटे ओलांडून आत आले त्याच महिन्यात आबासाहेबांचे डोळे पुरते गेले आणि त्यांनी हुकूम केला, "उद्यापासून थोरल्या सूनबाई आम्हाला पेपर वाचून दाखवतील." मी कोठीच्या खोलीत जाऊन रडत बसले. तेरा वर्षांच्या वन्संनी मला तिथे गाठले. रडण्याचे कारण ऐकून त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर म्हणाल्या, "पहिल्या एसटीनं पेपर येतो सहाला. मी तुमाला वाचून दाखवीन. तुमी पाठ करा अन्‌ आबांना म्हणून दाखवा. आबांना कुठं दिसतंय?"

तीन वर्षे असे चालले. सहाला वन्सं चिमणीपाशी वाचीत, सातला मी आबासाहेबांपुढे पेपर धरून म्हणत असे. मी अडखळले तर वन्सं दाराआडून पुढचा शब्द कुजबुजत, आणि मजकूर दुसऱ्या पानावर गेला की म्हणत, "पान, वैनी." आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात; कागद वाजला नाही तर आबासाहेबांना संशय आला असता.

वन्संची शाळाही सातलाच भरे. त्या रोज उशिरा पोहोचत. मास्तरांनी वर्षभर कळ काढली आणि मग आबासाहेबांकडे तक्रार केली. आबासाहेबांनी वन्संना माझ्यासमोर उभे केले. "शाळेला वेळेवर जाता येत नाही? सातवीची फायनल द्यायची आहे ना तुला, मास्तरीण व्हायचंय ना? या वहिनीकडे बघ. कशी वाचते! तुझ्या डोक्यात अक्षर शिरत नाही." वन्संनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची शाळा बंद झाली आणि माझे वाचन निर्वेध सुरू राहिले. पुढे त्यांनीच मला बाराखडी शिकवली. मला अक्षरे जेमतेम जुळवता येऊ लागली, त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि मला खुर्ची मिळाली. 'सूनबाईंनी आम्हाला डोळे दिले,' असे आबासाहेब भर सभेत म्हणाले. वन्सं तेव्हा विट्यात शेण काढीत होत्या.

"मृणाल," वन्सं म्हणाल्या, "हिला परत सुरू कर गं. वैनीसाहेबांचा धडा राह्यलाय."

सभेला पाचशे माणसे होती. वन्संना मृणालिनीने व्यासपीठावर माझ्या मागच्याच रांगेत बसवले. माझा अग्रलेख तयार होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मी उठून माईकपाशी उभी राहिले आणि धैर्यशीलने माझ्या हातात पेपर दिला. शाईचा वास वेगळा. कागद जाड.

"काकीसाहेब, आज आपल्या गावचंच दैनिक घेऊया. 'संगमवार्ता'. त्यांनी पहिल्या पानावर आपल्या वाचनालयावरच अग्रलेख लिहिलाय. सभासदांना जास्त आवडेल." मग अगदी हळू, "हे इंटरनेटवर नसतं."

मुलगा एवढा हुशार आहे हे मला आधी कळते तर मी त्याला कार्यवाह केलेच नसते.

मी पेपर उघडला. कडा दिसल्या. मधोमध काळा डाग. पाचशे माणसे खोकायचीही थांबली. मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी माझा पदर सारखा करीत असल्यासारखे जवळ आले आणि कानाशी कुजबुज आली, "'पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या या गावात...'"

"पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या या गावात," मी म्हणाले. माझा आवाज खणखणीत निघाला. त्याला सवय होती.

वन्सं कुजबुजत गेल्या, मी म्हणत गेले. परिच्छेद झाला, दोन झाले. आम्हा दोघींना जमत होते. चोपन्न वर्षे मध्ये गेलीच नव्हती जणू. धैर्यशीलची चुळबुळ मला ऐकू येत होती आणि, खोटे कशाला बोलू, मला मजा वाटू लागली होती.

तेवढ्यात वन्सं थांबल्या. संगणकातल्या त्या बाईला जे कधीच जमले नाही ते त्यांनी केले : पुढच्या वाक्याआधी त्यांनी श्वास घेतला. लांब. मग आधीच्याच आवाजात, एक अक्षर न गाळता, त्या कुजबुजल्या, "'आणि ज्या सुनेने आपल्या अंध सासऱ्यांना तीन वर्षे न चुकता वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्या विदुषीस हे गाव कधीही विसरणार नाही.'"

त्यांना ते वाक्य गाळता आले असते. मला कळलेही नसते.

मी तोंड उघडले. शब्द पाठ होते. म्हणायचे तेवढे होते. आयुष्यात प्रथमच मला पाठांतर जमले नाही.

मी पेपर खाली घेतला. "हे वाक्य चुकीचे आहे," मी माईकमध्ये म्हणाले. "संपादकांचा दोष नाही. चुकीची माहिती मीच चोपन्न वर्षे पुरवत आले."

"काकीसाहेब, काही त्रास होतोय का?" धैर्यशील पुढे आला.

"होतो आहे. खाली बस."

तो बसला.

"मी या घरात आले तेव्हा मला मराठीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. आबासाहेबांना पेपर मी वाचला नाही. तो या वाचीत, मी पाठ म्हणत असे. आबासाहेबांच्या कन्या, तारावन्सं. माझ्यासाठी वाचण्यात यांची शाळा बुडाली, आणि 'डोक्यात अक्षर शिरत नाही' असे यांना माझ्यासमोर बोलले गेले तेव्हा मी तोंड उघडले नाही. म्हणजे मला खुर्ची मिळाली तीच सातवे कलम मोडून. आज दोन वर्षे माझे डोळेही गेले आहेत. तेव्हा आता कलम मी दोन्ही बाजूंनी मोडते आहे. खुर्ची सोडली. धैर्यशील, तू घे, तुला वाचता येते, हे तू सिद्ध केले आहेस. पण आजचे वाचन अजून अर्धे राहिले आहे."

मी मागे वळले.

"वन्सं, दाराआडून पुष्कळ वाचलेत. पुढे या."

"काय हे वैनीसाहेब, एवढ्या लोकांत..."

"मी अजून सभेची अध्यक्ष आहे. राजीनामा वाचन संपल्यावर लागू होतो. पुढे या, हा माझा हुकूम आहे."

त्या पुढे आल्या. मी पेपर त्यांच्या हाती दिला आणि जिथे त्या उभ्या होत्या तिथे, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मग त्या वाचू लागल्या. कोठीच्या खोलीत कुजबुजणारा तो आवाज मोठ्याने कसा लागतो हे मी कधी ऐकलेच नव्हते. ठाम होता. मास्तरणीचा होता. ते चुकीचे वाक्य आले तेव्हा त्या थांबल्या, 'सुनेने'च्या ऐवजी 'मुलीने' आणि 'सासऱ्यांना'च्या ऐवजी 'वडिलांना' म्हणाल्या आणि कुणाचीही परवानगी न घेता पुढे गेल्या.

पहिल्या पानाचा तळ आला की त्यांचा आवाज किंचित उतरतो. हे मला तीन वर्षांच्या पहाटांनी शिकवले होते. तो उतरला. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"पान, वन्सं."

कागद वाजला. साऱ्या सभागृहात ऐकू गेला असेल. चौथ्या पानावरचा मजकूर त्यांनी सावकाश, एकेका विरामचिन्हाला थांबून वाचला. टाळ्या सुरू होण्याआधी मी हळूच विचारले, "फिटले का?"

"थांबा की. शेवटची वळ ऱ्हायलीय."

ती ओळ त्यांनी वाचली, पेपराची घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि माझी बोटे त्यावर मिटवली.

"आता फिटलं."